एकोणीस शुक्रवार

मंगळवार, ७ एप्रिल २०१५. बो शहर.

समुपदेशक वांडीसाहेबांनी आज आम्हाला एकेक वही दिली. मनात येईल ते लिहा म्हणाले, कुणाला दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही. मी शिक्षिका आहे. तपासायची नाही अशी वही मी आजवर कुणाला दिलेली नाही. पण फुकट मिळालेली कोरी वही परत करणं जिवावर आलं, म्हणून घेतली.

तर नियमाप्रमाणे आधी नाव. बाइंदू स्वारे, वय चौतीस, इयत्ता तिसरी. इबोलामुळे गेल्या वर्षी शाळा बंद झाल्या आणि ऑक्टोबर ते मार्च मी दफन पथकात होते. बायकांची प्रेतं पुरुषांनी उचललेली घरच्यांना चालत नव्हती, म्हणून त्यांना बायका हव्या होत्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून थडग्यांवरच्या लाकडी पाट्या रंगवायचं कामही माझ्याकडेच आलं. नाव, वय, तारीख. पांढऱ्यावर काळं.

आता पथक मोडलं आहे. पण दर मंगळवारी आरोग्य कार्यालयामागच्या आंब्याखाली आम्हाला बसवतात आणि वांडीसाहेब विचारतात, झोप लागते का, जेवण जातं का. माझं तसं काही नाही. मोमोचं मात्र खरं आहे. मोमो आमच्या गाडीचा ड्रायव्हर, जिभेला हाड नसलेला माणूस. आता तो गाडी मागे घेत नाही. पुढे जाता येईल तेवढंच जातो, नाहीतर लांबचा वळसा घालतो. साहेबांनी त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मी सुचवलं. साहेब माझ्या हातांकडे बघत राहिले. हात क्लोरीनने सोलले आहेत, दुसरं काही नाही. घरच्या बादलीत मी अजून थोडं टाकते, सवयीने.

साहेबांच्या शर्टाची बटणं आजही वरखाली लागली होती. शिकलेल्या माणसाला शोभत नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत जाऊन आले. उन्हाने पाट्यांचा रंग उडतो, कुणीतरी बघायला हवं. मी आठवड्यातून एकदा जाते, शुक्रवार सोयीचा पडतो.

मा टेने होतीच. ही आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, बाजारात वाटलेले शेंगदाणे विकते. तिची मुलगी जेनेबा तीन डिसेंबरला गेली. अख्ख्या गल्लीत माझ्याशी बोलणारी ही एकटीच. नळावर माझी बादली आली की बाकीच्या बायका आपापल्या बादल्या उचलून घेतात, मी त्यांच्या भांड्यात मरण ओतणार असल्यासारख्या. मा टेने मात्र सरळ माझ्यापुढे नंबर लावते आणि भांडतेसुद्धा. भांडली की बरं वाटतं.

दर शुक्रवारी ती चटई टाकून बसते. पण जेनेबाच्या पाटीसमोर नाही, दोन थडग्यांच्या मधोमध. शेजारची माती कोना नावाच्या मुलीची. ती पुजेहून जिल्ह्यातल्या कुठल्याशा खेड्यातली, तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. मा टेने कोलाचं, मान म्हणून देतात ते कडू फळ, एक इकडे ठेवते, एक तिकडे. म्हातारीची नजर कमी झाली असावी. अंगावर तेच निळं लापा, कमरेला गुंडाळायचं कापड. लापा ती फक्त शुक्रवारी नेसते. तो निळा रंग मला बघवत नाही, म्हणून मी बोलताना पाट्यांकडे बघते.

"बस की, बाई."

"उभीच बरी आहे."

"पथकाचा तो पांढरा वेश उतरवलास तरी लांबच उभी राहतेस. शाळा मंगळवारी उघडते ना? फातू तुझ्याच वर्गात?"

फातू म्हणजे जेनेबाची मुलगी. हो म्हटलं.

"मग एक सांग. पोरानं गणित चुकवलं तर तू खोडतेस, की त्याच्याकडून खोडून घेतेस?"

"त्याच्याकडून. मी खोडलं तर त्याला काय कळणार?"

"आणि तो वही घेऊन आलाच नाही तर?"

"थांबते. आज ना उद्या येतोच."

"किती दिवस थांबतेस?"

असं काही ठरलेलं नसतं म्हटलं. ती नुसती हसली. नातीच्या अभ्यासाची हिला आत्तापासून काळजी. सगळ्या घरांतून असं असतं तर माझं अर्धं काम वाचलं असतं.

मंगळवार, १४ एप्रिल

शाळा उघडली. फाटकात हात धुवायची बादली, कपाळावर रोखायचं तापमापक. पोरं एका बाकावर दोनच, मध्ये हातभर अंतर. गेल्या वर्षी एक्केचाळीस होती, आज एकोणतीस आली. सगळी गेली असं नाही, काही मामाकडे, काही मावशीकडे पाठवली आहेत. कोणतं कुठे ते मी विचारलं नाही.

हजेरीपट नवा आहे. आत्ता नावं लिहीत बसण्यापेक्षा मी पोरांना क्रमांक दिले. एकपासून एकोणतीस. हजेरी दोन मिनिटांत आटोपते. फातू तेरा नंबर.

साहेबांच्या बैठकीला शाळेमुळे जाता आलं नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल

साहेब म्हणाले होते लिहा, तर एकदाचं लिहून टाकते. कुणी तपासणार नाही हे एका परीनं बरंच आहे.

तीन डिसेंबरला यादीत दोन बायका होत्या. आधी आम्ही जेनेबाला तिच्या घरून घेतलं. मा टेनेला जवळ येता येणार नव्हतं. तिनं दारातून निळं लापा फेकलं, म्हणाली, हे तरी तिच्या अंगावर घाला, जोडातला एक तुकडा माझा, एक तिचा. आत घालता येणार नाही म्हटलं, पिशवीवर टाकते. टाकलं. मग इस्पितळातून कोनाला घेतलं आणि दफनभूमीत गेलो. घरातल्या एका माणसाला रस्त्यापलीकडून बघायची परवानगी असे, म्हणून मा टेने शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून मागोमाग आली होती.

पाट्या मी सकाळीच रंगवून ठेवल्या होत्या. यादीत जेनेबा पहिली, म्हणून पहिल्या खड्ड्याला जेनेबाची पाटी, दुसऱ्याला कोनाची. चष्म्याच्या आत घाम साचून काही दिसत नव्हतं. प्रत्येक पायरीला फवारा, प्रत्येक फवाऱ्याला थांबा. दोघींना ठेवलं, माती टाकली, पाट्या ठोकल्या, निघालो.

संध्याकाळी बूट धुताना लक्षात आलं. गाडीत जी आधी चढते ती शेवटी उतरते. जेनेबा आत खोलवर होती. आधी उतरली ती कोना, ती पहिल्या खड्ड्यात गेली. निळं कापड दुसऱ्या खड्ड्यात गेलं.

पाचवीतल्या पोरालाही कळेल अशी चूक. दुसऱ्या दिवशी चार प्रेतं होती, तिसऱ्या दिवशी सहा. पाट्या बदलायला पाच मिनिटं लागतात. मग मा टेनेच्या घराचे विलगीकरणाचे एकवीस दिवस संपले आणि नाताळनंतरच्या शुक्रवारी मी गेले तर ती चटई टाकून बसलेली. आता पाट्या बदलायच्या म्हणजे तिला सांगायचं, की तू परक्या मुलीपाशी बसून रडलीस. तेव्हा सांगितलं नाही आणि मग दर आठवड्याला ते सांगणं आणखी जड होत गेलं.

हे कुणाला माहीत नाही. कुणाचं त्यानं अडलेलंही नाही. मी हे लिहिलं, झालं.

मंगळवार, २१ एप्रिल

मुख्याध्यापिका मिसेस लाहाई वर्गात आल्या. मी सात नंबरला फळ्याशी बोलावत होते. मला बाहेर घेतलं.

"सात नंबर? पोरं आहेत का कैदी?"

"वेळ वाचतो, मॅडम."

"हजेरीपट दाखव."

दाखवला. नावाच्या रकान्यात काही नाही, आईवडिलांच्या रकान्यात काही नाही, फक्त क्रमांक आणि टिंबं.

"बाइंदू, मोत्यासारखं अक्षर म्हणून तीन गावांच्या लग्नपत्रिका तुझ्याकडून लिहून घेतल्या लोकांनी. तुला एकोणतीस नावं जड झाली?"

शाई सुकली होती म्हटलं. चार मेपर्यंत पूर्ण करते. आपलं थोबाड बघा आधी, असं मनात म्हटलं, तोंडानं नाही.

दुपारी लिहायला बसले. पहिलं नाव लिहिताना हात हलेना. पेनाला काही झालं नव्हतं, बघितलं. बाजूच्या कागदावर रेघा, आकडे, सगळं उमटत होतं. नाव लिहायला गेलं की पांढऱ्यावर काळं दिसतं आणि पुढे तारीख घालावीशी वाटते. उष्म्यानं होत असेल. हात धुऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा धुऊन आले. मग घंटा झाली.

शुक्रवार, २४ एप्रिल

आज ठरवून लवकर गेले, सकाळची प्रार्थना व्हायच्या आत. पिशवीत हातोडी आणि चार खिळे. पाट्या बदलायच्या आणि गुपचूप परत यायचं. म्हातारीला वाचता येत नाही, तिला काय कळणार, ती बसतेच मध्ये.

मा टेने माझ्याही आधी आली होती.

"हातोडी कशाला, बाई?"

"खिळा सैल झालाय."

"कुठल्या पाटीचा?"

मी जेनेबाची म्हणून जी पाटी आहे तिकडे बोट केलं. मग ठोकणं भाग होतं. चांगला घट्ट बसलेला खिळा मी तिच्यासमोर आणखी ठोकला. ती चटईवर बसून बघत होती.

"नीट बसला?"

"बसला."

"मजबूत झाली म्हणायची." तिनं डब्यातून तांदळाच्या पिठाचा लाडू काढला, मला अर्धा दिला. माझ्या हातचं कुणी खात नाही, पण मला कुणी खायला देतं हेही विसरायला झालं होतं. रुमालात बांधून घरी आणला.

मंगळवार, २८ एप्रिल

बैठकीला मोमो आणि मी दोघंच आलो. वांडीसाहेब उशिरा आले, वही उघडली आणि काही न लिहिताच मिटली. मग मला म्हणाले, "दफनभूमीतल्या पाट्या तुमच्या हातच्या ना?"

हो म्हटलं.

"माझी मोठी बहीण तिथे आहे. नोव्हेंबरमधली. मी तेव्हा फ्रीटाउनला अडकलो होतो. जानेवारीत आलो आणि एकेक पाटी वाचत गेलो. पावणेदोनशेवी तिची निघाली. अक्षर इतकं स्वच्छ होतं की लांबूनच दिसलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती पाटी नसती तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. रविवारी जातो. तिच्याशी बोलतो. तुम्ही लोकांनी केवढं काम केलं आहे याची तुम्हाला कल्पना नाही."

आणि मग ते रडायला लागले. दुसऱ्यांची मनं सांभाळायला नेमलेला माणूस आमच्यासमोर रडत होता, बटणं वरखाली लावलेल्या शर्टात. मोमोनं त्यांना आपला डबा दिला, कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात. साहेब जेवले. मला वाटतं ते बऱ्याच दिवसांनी जेवले.

मला मात्र त्या मोत्यासारख्या अक्षराची शिसारी आली.

परतताना मोमोला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तो वाटेत थांबला.

"तीन डिसेंबर? ती चूक माझी आहे, बाई."

"तुझी कशी?"

"निळं कापड दुसऱ्या खड्ड्यात गेलेलं मीही बघितलं होतं. मी गाडी उलटी लावली ना. रोज तोंड खड्ड्याकडे असायचं, त्या दिवशी मागे घेतली. मागे घेतली नसती तर तुम्ही दुसऱ्या बाजूनं चालत आला असता, सगळं बरोबर झालं असतं. तेव्हापासून मी गाडी मागे घेत नाही."

"वेड्या, तोंड कुठेही असतं तरी आधी चढलेली शेवटीच उतरली असती."

"म्हणजे माझी नाही?"

"नाही. माझी आहे."

तो पुढे चालायला लागला. मग म्हणाला, "पाच महिने माझी होती ती. तुम्हाला आधी सांगता आलं नाही?" एवढ्या महिन्यांच्या ओळखीत माझ्यावर तो पहिल्यांदा चिडला. त्याचं बरोबर आहे. मी एकटीच ओझं वाहते आहे असं मला वाटत होतं.

शुक्रवारी जाऊन सांगायचं. मग गल्लीत माझ्याशी बोलणारं कुणी राहणार नाही. राहू नये.

शुक्रवार, १ मे

सुट्टी होती. शाळेचा झगा घालून गेले, का ते माहीत नाही. मा टेने चटईवर होती, निळ्या लापात. या खेपेला मी बसले. बसल्यावर म्हटलं, "मा, पाट्या उलट्या लागल्या आहेत. तुझी जेनेबा या बाजूला आहे. ही पाटी कोनाची हवी. चूक माझी."

तिनं कोलाचं फळ दोन भागांत फोडलं.

"ठाऊक आहे."

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. परत सांगितलं.

"ऐकू येतं मला. मी त्या रस्त्यापलीकडे उभी होते. निळं कापड दुसऱ्या खड्ड्यात गेलं. मग राखणदाराकडून पाट्या वाचून घेतल्या. वाचता येत नाही मला, बाई, पण पहिलं दुसरं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस?"

"लगेच बदलल्या असत्या."

"बदलल्या असत्यास, माफी मागून निघून गेली असतीस आणि परत इकडे फिरकली नसतीस. पाटी घेऊन मी काय करू? माझी पोर कुठे आहे ते मला माहीत होतं." तिचा आवाज चढला. "एकोणीस शुक्रवार बसले मी इथे. एकोणीस. दर वेळी तू यायचीस, लांब उभी राहायचीस, माझ्याकडे न बघता पाट्या बघायचीस. मी म्हणायची, आज बसेल. आज सांगेल. गेल्या शुक्रवारी हातोडी घेऊन आलीस तर खिळा ठोकून गेलीस."

मी मान खाली घातली.

"माझ्या पोरीला धुवायला मला मिळालं नाही. हात लावायला मिळाला नाही. शेवटचा हात तुझा लागला. तिच्याबद्दल विचारायला या जगात माझ्याकडे तू सोडून कुणी नाही आणि तू खिळे ठोकतेस." मग तिनं ते विचारलं, ज्याच्यासाठी ती एवढे दिवस बसली होती. "तिला खाली सोडताना डोकं आपटलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"डोकं माझ्या हातात होतं, मा. पायांकडे दोघी होत्या, डोक्याशी मी. दोराचा एक झोला बसला तेव्हा मी गुडघ्यावर बसले आणि हातानं धरून ठेवलं. आपटलं नाही."

"कुशीवर ठेवलंत?"

"उजव्या. पिशवीत नीट राहत नव्हती, मागे मातीचं ढेकूळ लावलं. कापड वर सरळ केलं. घडी पडली होती, ती काढली."

हे मला आठवतं हे मला माहीत नव्हतं. पाच महिने मला फक्त पाटी आठवत होती.

"जड होती?"

"नाही. हलकी होती."

मा टेने रडली. मी पण रडले, मोठ्यानं, मला आवरेना. वांडीसाहेब असते तर त्यांना कामाला लावलं असतं. मग तिनं लापाच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाली, तुला माफ केलेलं नाही, उद्या रंग घेऊन ये, माझ्यासमोर लिही.

"पुढच्या शुक्रवारी?" मी विचारलं.

"ये. बसायला ये. उभी राहायला नको."

शनिवार, २ मे

मोमोनं गाडी आणली, पाट्या उपटून दिल्या. दोन्ही घासल्या, पुन्हा पांढऱ्या केल्या, वाळेपर्यंत बसलो. मग मी लिहायला घेतलं. पहिल्या अक्षराला हात थांबला. मा टेने शेजारी बसली होती, म्हणाली, तिला लहानपणी जेने म्हणायचे, रांगायच्या आधी बोलायला लागली. असं काहीबाही ती सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले. अक्षर थोडं वाकडं आलं. कोनाबद्दल सांगायला कुणी नव्हतं, तर मा टेने म्हणाली, उंच होती, मी बघितलं, तिचे पाय पिशवीच्या टोकापर्यंत होते. तेवढं माहीत असलेलं एक माणूस कोनाला आहे.

निघताना मोमोनं गाडी मागे घेतली. फाटकाला घासली. राखणदारानं शिव्या दिल्या, मोमो खूश होता.

सोमवार, ४ मे

काल दिवसभर हजेरीपट लिहिला. एकोणतीस नावं. तेराव्या ओळीत फातू, आईच्या रकान्यात जेनेबा, पालकाच्या रकान्यात टेने. तारखेच्या रकान्यात फक्त शाळेत आल्याची तारीख घालायची असते, तेवढीच घातली. हात मधे दोनदा धुतले, साध्या पाण्यानं. पूर्वी किती वेळा धुवत होते ते मोजलेलं नाही.

मिसेस लाहाईंनी सही केली, अक्षर बिघडलंय म्हणाल्या.

सकाळी नावानं हजेरी घेतली. पोरं गोंधळली, दोघं हसली. फातूचं नाव घेतलं तर उत्तर आलं नाही. ती समोरच बसली होती, तेराची वाट बघत. परत हाक मारावीशी वाटली, पण मी थांबले. वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला.

मग ती उठून "हजर, बाई" म्हणाली आणि मी पुढचं नाव घेतलं.